आजोबांचं पितळी भिंग: आधी मोजा, मग पुसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळव्याचं जुनं घर पुनर्विकासासाठी रिकामं करताना आजोबांच्या ट्रंकेत एक लाकडी डबी सापडली. आत निळ्या मखमलीवर एक पितळी सूक्ष्मदर्शक आहे. चारेक इंच लांब बैठक, तिच्या बाजूने गेलेला लांब स्क्रू, टोकाला गोल मूठ, वर एकच भिंग, भिंगाखाली सुईसारखा काटा आणि पट्टीवर इंचाच्या खुणा. स्क्रू अर्ध्यावर येऊन अडतो, पितळ काळं पडलंय आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. आजोबा आधी परळच्या कापड गिरणीत होते, नंतर ठाण्यात लोकरीच्या गिरणीत. आता ऐरोलीला राहणारी त्यांची नात विचारते: हे नेमकं काय आहे, किती जुनं असेल, घासून लख्ख करू का, विकलं तर काही येईल का, आणि अजून चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. चालेल. यात बिघडण्यासारखं फार काही नसतंच. पण घासायचा विचार आधी सोडा. चिंच नको, लिंबू-मीठ नको, पितांबरी नको. पितांबरी आमच्या ठाण्याचीच, आमच्या देवघरातली समई आणि ताम्हण मीही तिनेच घासतो. पण या वस्तूला ती लावायची नाही. का ते खाली सांगतो, कारण लोक नेमकी तिथेच घाई करतात.

मी चौतीस वर्षं कापड तपासणीत काढली. पहिली काही गिरणीच्या प्रयोगशाळेत, नंतरची भिवंडीच्या ग्रे मालाच्या, म्हणजे मागावरून उतरलेल्या, न धुतलेल्या, न रंगवलेल्या कापडाच्या तपासणीत. निवृत्तीनंतर नौपाड्यातल्या घराच्या गॅलरीत बसून अशीच जुनी भिंगं दुरुस्त करतो. गिरणीत याला कुणी सूक्ष्मदर्शक म्हणत नसे. पिक ग्लास, काउंटिंग ग्लास, नाहीतर नुसतं भिंग. 'साहेब भिंग घेऊन आले' म्हटलं की साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, सगळे सावध व्हायचे.

सूक्ष्मदर्शक म्हणायला तसं ते थोडं कमीच पडतं. यातलं भिंग साधं असतं, पाच ते दहा पट मोठं दाखवणारं. तुमचं किती पट दाखवतं ते घरीच काढता येईल. रात्री छतावरच्या ट्यूबलाइटखाली टेबलावर पांढरा कागद ठेवा आणि भिंग त्यावर वर-खाली करा. ट्यूबची बारीक, रेखीव प्रतिमा कागदावर उमटली की भिंग आणि कागद यांतलं अंतर मोजा. ते जवळजवळ नाभीय अंतर. २५ सेंटिमीटरला त्या अंतराने भागा. अंतर ५ सेंटिमीटर आलं तर भिंग ५ पटीचं, अडीच आलं तर १० पटीचं. हाच प्रयोग उन्हात करू नका आणि ही डबी उघडी ठेवून खिडकीतही ठेवू नका. भिंगाने मखमल जळालेली एक डबी माझ्याकडे दुरुस्तीला येऊन गेली आहे.

भिंग डोळ्याच्या मदतीला आहे, यंत्राचं खरं काम मोजण्याचं. एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, म्हणजे ताणा किती, बाणा किती. मूठ फिरवली की स्क्रूवर बसलेलं भिंग आणि काटा दोन्ही एकत्र पट्टीवरून सरकतात. काट्याखालून एकेक धागा जातो, तो मोजायचा. साध्या घडीच्या भिंगात, म्हणजे तीन पितळी पाकळ्यांच्या त्या चौकोनी खिडकीवाल्या भिंगात, नजर सटकते आणि तिसाव्या धाग्याला आपण एकतिसावा म्हणून बसतो. काटा असला की नजरेला आधार मिळतो. एक इंच, दोन इंच सलग मोजता येतं. म्हणून गिरण्यांमध्ये हिशेबाचं काम असेल तिथे स्क्रूचं भिंग, आणि खिशात टाकून बाजारात जायला घडीचं. डेल्फ्टचा लेव्हेनहूक, जन्म १६३२, हाही मूळचा कापड दुकानदार. सुताची प्रत बघायची भिंगं वापरता वापरताच तो त्या नादाला लागला आणि थेंबभर पाण्यातल्या जिवांपर्यंत पोहोचला. तुमच्या डबीचं घराणं तिथवर जातं.

एवढे धागे मोजून मिळायचं काय, हे भिवंडीच्या उदाहरणाने सांगतो. ग्रे बाजारात कापडाची ओळख आकड्यांत असते. ६० × ६० / ९२ × ८८ म्हटलं की जाणकाराला कळतं: दोन्हीकडे साठ नंबरी सूत, इंचात ९२ ताणे, ८८ बाणे, म्हणजे कॅम्ब्रिक हे बारीक सुती कापड. ताण्यांचा आकडा, ९२, फणीवर ठरतो, म्हणजे ताणे ज्यातून ओवतात त्या कंगव्यावर. एकदा बीम, म्हणजे ताणे गुंडाळलेला रूळ, आणि फणी लागली की त्यात चोरी करणं अवघड. बाण्यांचा आकडा, ८८, म्हणजे पिक, आणि तो मागावरच्या चाकाच्या दात्यांवर ठरतो. चाक बदललं की पिक बदलले. ८८ पिकचं एक मीटर कापड विणायला सुमारे ३,४६५ बाणे पडतात. ८४ पिकचं विणलं तर सुमारे ३,३०७. फरक १५८ बाण्यांचा. मिनिटाला १६० बाणे टाकणारा साधा यंत्रमाग धरला, तर प्रत्येक मीटरमागे जवळजवळ एक मिनिट वाचतं, आणि बाण्याचं सूत साडेचार टक्के कमी लागतं. नुसत्या डोळ्याला हे कापड सारखंच दिसतं. हाताला कदाचित किंचित पातळ लागेल, तेही सवयीच्या हाताला. विणाईची मजुरी पिकवर ठरते, त्यामुळे यावरून दोन्ही बाजूंनी भांडणं होतात. व्यापारी म्हणतो पिक कमी, मागवाला म्हणतो बरोबर. निवाडा करतं ते हे पितळी भिंग.

पण भिंगच चुकीचं असलं तर? माझी यात एकदा चांगलीच फजिती झाली आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका जुन्या बाजारातून मी हौसेने घडीचं एक देखणं भिंग आणलं. कडेला नाजूक नक्षी, काच अगदी स्वच्छ. गिरणीतलं भिंग बाजूला ठेवून मी तेच वापरायला लागलो. एक लॉट तपासला, पिक बरोबर ८८ आले, सही करून दिली. चार दिवसांनी खरेदीदाराचा माणूस तागा खांद्यावर घेऊन दारात उभा. त्याच्या मोजणीत ८२, ८३. मी माझं भिंग काढून त्याच्या समोर परत मोजलं, परत ८८. आमच्या विभागप्रमुखांनी काही न बोलता माझं भिंग उचललं आणि स्टीलच्या पट्टीवर ठेवलं. खिडकी २७ मिलिमीटरच्या थोडी वर. तो पॅरिसचा जुना इंच होता, २७.०७ मिलिमीटरचा. आपला इंच २५.४ चा. इंचामागे साडेसहा टक्के कापड मी फुकट मोजत होतो, त्यामुळे ८२-८३ पिकचं कापड मला ८८ चं वाटलं. ते भिंग अजून माझ्याकडे आहे. त्याच्या डबीत मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'फ्रेंच'.

त्या काळी इंच एकच नव्हता. व्हिएन्नाचा इंच २६.३४ मिलिमीटरचा होता, प्रशियाचा २६.१५ चा. अनेक भिंगांची खिडकी पाव इंचाची असते, तिथे आलेला आकडा चारने गुणायचा, आणि मोजताना एक धागा चुकला की चारने चुकलात. म्हणून तुमचं पहिलं काम पुसायचं नाही, मोजायचं.

एक स्टीलची पट्टी घ्या, शाळेच्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची नको. पट्टी टेबलावर, तिच्यावर यंत्र. मूठ फिरवून काटा शून्याच्या खुणेवर आणा आणि त्याखाली पट्टीवरची मिलिमीटरची रेघ नेमकी जुळवा. मग एक इंचाच्या खुणेपर्यंत न्या. २५.४ आलं तर इंग्रजी इंच. २७ आलं तर माझ्या भिंगाचा भाऊबंद. हे करताना मूठ एकाच दिशेने फिरवायची. पुढे गेलं म्हणून मागे घेतलं की स्क्रू आणि त्याच्या नटमधला ढिलेपणा मध्ये येतो. आम्ही त्याला बॅकलॅश म्हणतो. मूठ फिरते पण काटा हलत नाही, ती जागा बोटांना जाणवते. मागे जायचंच झालं तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या. ही सवय खरोखर मोजतानाही ठेवा.

आणखी एक गंमत करून बघा. एक इंच सरकायला मुठीच्या किती फेऱ्या लागतात ते मोजा. पूर्ण आकडा आला, वीस किंवा चोवीस असं काही, तर स्क्रू इंचाच्या मापाने कापलेला आहे. २५ फेऱ्या होऊन वर अर्ध्याच्या आत थोडी उरली, तर तो एक मिलिमीटर पिचचा स्क्रू आहे, म्हणजे मेट्रिक मापाच्या कारखान्यातला. इंचाची पट्टी आणि मेट्रिक स्क्रू ही जोडी युरोपातल्या मालात दिसू शकते, आणि हल्लीच्या नकली मालातही.

नकलीचं सांगतो, कारण वयाचा प्रश्न त्याला जोडलेला आहे. पितळी 'अँटिक' होकायंत्रं, दुर्बिणी आणि भिंगं आपल्याकडे आजही घडवली जातात. मुरादाबाद आणि रुरकीकडचा माल प्रसिद्धच आहे. त्यावर 'लंडन' आणि एखादं जुनं साल ठळक कोरलेलं असतं. खऱ्या कामाच्या यंत्रावर एवढी जाहिरात नसते. असला तर विक्रेत्याचा छोटा शिक्का, नाहीतर काहीच नाही. स्क्रूचं डोकं बघा: सरळ एकच खाच असेल तर ठीक, फुलीची खाच असेल तर वस्तू किंवा निदान तो स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. 'मेड इन जर्मनी' असं कोरलेलं असेल तर वस्तू बहुधा १८८७ नंतरची. त्या वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर असे शिक्के मारणं भाग पडलं. तुमच्या वर्णनातली मखमल, स्क्रू आणि आजोबांची नोकरी हे सगळं जुळतं, म्हणून वस्तू खरी असावी असं माझं मत. मात्र 'अमुक साली बनली' असं फोटो बघून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. या भिंगांचं रूप कित्येक दशकं जवळजवळ तेच राहिलं.

ही वस्तू आजोबांनी परळहून आणली की ठाण्यातून, याचाही अंदाज करता येतो. ठाण्याची रेमंड १९२५ साली लोकरीची गिरणी म्हणून सुरू झाली आणि सुरुवातीचा तिचा माल म्हणजे जाडीभरडी ब्लँकेटं. ब्लँकेटवर हे भिंग निरुपयोगी असतं. कुटून, लव काढून त्याचा पृष्ठभाग असा मिटून जातो की धागा दिसतच नाही. लव भादरून किंवा जाळून काढावी लागते, नाहीतर मापाचा तुकडा कापून एकेक धागा उसवून मोजावा लागतो. सुटाच्या वर्स्टेड, म्हणजे गुळगुळीत लोकरी, कापडावर मात्र भिंग छान चालतं. तुमच्या काट्याचं टोक बघा. अगदी बारीक, टोकदार असेल तर यंत्र बारीक सुती कापडासाठी वापरलं गेलं असावं, बोथट असेल तर जाड मालासाठी. हा पुरावा नाही, माझा आडाखा आहे.

आता सफाई. भिंगावरचं जाळं म्हणजे बुरशी. खाडीकाठच्या दमट हवेत, बंद ट्रंकेत ती लागणारच. आधी ठरवा काच एक आहे की दोन चिकटवलेल्या. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत तिरकं बघा. दोन ठळक प्रतिबिंबं दिसली तर काच एक. मध्ये तिसरं फिकट दिसलं तर दोन काचा बाल्समने, म्हणजे झाडाच्या पारदर्शक राळेने, चिकटवलेल्या आहेत. ते जोडभिंग स्पिरिटमध्ये किंवा गरम पाण्यात बुडवायचं नाही, चिकटवण सुटतं. एक काच असेल तर काम सोपं. भिंगाची कडी आट्याची असते. पक्कड लावू नका, रबरी हातमोजा घालून फिरवा. फुंकणीने धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, त्यात कापसाची काडी ओली करून मधून कडेकडे गोल फिरवा. नुसत्या पाण्याने पुन्हा, मग कोरड्या मऊ कापडाने. बुरशीने काच खाल्लेली असेल तर पुसट नक्षी राहील. राहू द्या, मोजताना ती आड येत नाही.

अडलेल्या स्क्रूवर जोर करू नका. आतलं जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं झालेलं असतं. काडीच्या टोकाने थोडं रॉकेल लावा, रात्रभर थांबा, सकाळी मूठ पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे करत सोडवा. निघालेला काळा चिकटा पुसत राहा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल नको, ते चिकट होतं. फवारणीचं तेलही नको, ते भिंगापर्यंत उडतं.

राहिलं पितळ. जुन्या वैज्ञानिक पितळी वस्तूंवर चपड्याचा, म्हणजे शेलॅकचा, सोनेरी पातळ लेप दिलेला असतो. तुम्हाला जे काळं दिसतंय त्यातला बराच भाग त्या लेपावरचा मळ असतो. चिंच किंवा पॉलिश लावलं की मळाबरोबर लेपही जातो, पितळ उघडं पडतं, आणि एका पावसाळ्यात पूर्वीपेक्षा जास्त काळं होतं. त्याहून वाईट म्हणजे पट्टीवरच्या खुणा झिजतात. खुणा गेल्या की यंत्र गेलं, उरली शोभेची वस्तू. बाजारातल्या बऱ्याच धातू-पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि पितळ आणि अमोनिया यांचं जुनं वैर आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया हे कारण, पण ते नीट सिद्ध व्हायला १९२१ साल उजाडलं. तुमचं भिंग एका पॉलिशने तडकणार नाही, पण ताण असलेल्या पातळ पट्टीला ही लागण नको. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं फिरवा, लगेच कोरडं करा. हिरवी पूड कुठे असेल तर ती बांबूच्या काडीने खरवडा. बस्स.

मोजायचं कसं? एक सुती शर्ट घ्या, इस्त्री न केलेला. टेबलावर ताण न देता पसरा. काठापासून दोन इंच आत या, काठाजवळचे धागे दाट असतात. काटा पहिल्या धाग्यावर ठेवू नका, त्याच्या आधीच्या फटीत ठेवा, नाहीतर एक धागा फुकटचा मोजला जातो. एक इंच जा, आकडा लिहा. पाच वेगवेगळ्या ठिकाणी करा आणि सरासरी घ्या. जीनसारख्या तिरप्या विणीत धागे मोजत बसू नका. तिरप्या रेघा मोजा. ३/१ च्या विणीत दर चार ताण्यांनी एक रेघ येते, म्हणजे इंचात १७ रेघा आल्या तर ताणे ६८. धुतलेल्या शर्टाचा आकडा ग्रे कापडापेक्षा जास्तच येईल, कारण कापड धुलाईत आटतं. प्रयोगशाळेत आम्ही नमुना आधी २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवायचो. घरी एवढं करायची गरज नाही, पण भर पावसात एकदा आणि मे महिन्यात एकदा तोच तुकडा मोजून बघा.

विकण्याबद्दल माझा सल्ला विचाराल तर विकू नका. ही यंत्रं त्या काळी भरपूर बनली, त्यामुळे चोर बाजारात तुम्हाला जो भाव सांगतील तो ऐकून वाईट वाटेल. नाव कोरलेलं, डबीसकट आणि चालू असलेलं असेल तर जरा बरं. परदेशातला ग्राहक जास्त देतो म्हणून तिकडे पाठवायचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा: १९७२ चा पुरावस्तूंचा केंद्रीय कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही. वय ठाऊक नसलेली वस्तू कुरिअरने पाठवून डोक्याला ताप करून घेऊ नका.

डबी ठेवताना सिलिका जेलची पुडी आत टाका आणि दर पावसाळ्यानंतर बदला. वस्तू चामड्याच्या पाकिटात कधीच ठेवू नका, चामड्याने पितळावर हिरवं चढतं. डबीची मखमल फाटलेली असली तरी बदलू नका. तिच्याखाली कधी कधी कागदाचा कपटा सापडतो, गिरणीच्या तिकिटाचा, नाहीतर कुणाच्या हस्ताक्षरातल्या पिकच्या आकड्यांचा. सुरीच्या पात्याने हलकेच उचलून बघा.

आणि पट्टीवर ठेवून २५.४ आलं की २७, तेवढं मला नक्की कळवा. २७ आलं तर परळच्या गिरणीत आजोबांना ते कुणाकडून मिळालं, याचा शोध घ्यावा लागेल.